दोनशे बारानंतरचे दगड

पूर्णगडच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, राही फुरशी शोधायची. फुरसं म्हणजे हातभर लांबीचा विषारी साप. अंगाचे खवले घासून करवतीसारखा खरखर आवाज करतो. तो आवाज आला की आम्ही मागे सरायचो. राही काठी टेकून उभी राहायची आणि सांगायची, "गाभण हाय. दगडाच्या उगवतीच्या अंगाला." दगड उलटला की तसंच निघायचं.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. १९८१ साली सापांचा अभ्यास करायला मुंबईहून डॉ. इंदुमती वझे आल्या आणि त्यांनी राहीला सोबतीला घेतलं. राहीचा नवरा मुंबईत गिरणीत, मूलबाळ नाही. भात झोडून झालं की ती मोकळी. बाई दगडांवर लाल रंगाने आकडे घालायच्या आणि कुठल्या दगडाखाली किती फुरशी, ते वहीत टिपायच्या. त्यांचा नऊ वेगळाच होता, लांब शेपूट खाली ओढलेला. राही आकडे त्यांच्याकडूनच शिकली.

दोनशे बारा दगड झाले आणि १९८३च्या दिवाळीनंतर बाई आजारी पडून मुंबईच्या इस्पितळात गेल्या. राहीने काम सोडलं नाही. पुढचे अठ्ठावीस दगड तिने एकटीने पाहिले. रंग तिच्याकडे नव्हता. शाळा सुटली की ती मला एकेक दगड सांगे; मी माझ्या वहीत उतरवून बाईंना पोस्टकार्ड टाकी, आणि त्या इस्पितळातून ते आपल्या वहीत चढवत. बाई त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. माघात गेल्या.

पुढच्या वर्षी रत्नागिरीत शास्त्रज्ञ स्त्रियांच्या गौरवाची सभा भरली. बाईंच्या फोटोला हार घातला, भाषणं झाली. मग हरिश्चंद्र सप्रे नावाचे प्राध्यापक उठले.

"वझेबाईंबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या वहीत दोनशे चाळीस दगड आहेत आणि शेवटच्या अठ्ठावीस नोंदींच्या वेळी बाई इस्पितळात होत्या. त्या नोंदी खोट्या असतील, तर बाकीच्या खऱ्या कशावरून?"

सभेत गलका झाला. गेलेल्या बाईवर असं बोलू नये, असं कोणी ओरडलं. माझ्याशेजारून राही उठली.

"ते दगड मी बघितल्यात. चला सड्यावर, दावते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाचजण वर गेलो. वारा पडला होता. कातळ तापला होता, एक पाखरू ओरडत नव्हतं. दोनशे बारावा दगड गेला आणि राही थबकली. पुढच्या दगडावर लाल रंगात २१३ लिहिलं होतं. त्यापुढे २१४. २१९ आला, त्याच्या नऊचं शेपूट लांब खाली ओढलेलं. असे आकडे थेट २४० पर्यंत.

सप्र्यांनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. बोट लाल झालं. रंग ओला होता.

"राहीबाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाय वो. माज्याकडं रंग न्हवताच कदी."

तेवढ्यात खरखर सुरू झाली. एका दगडाखालून नव्हे, अठ्ठावीसही दगडांखालून, एकदम. राहीने काठीने एक दगड उलटला. खाली काहीच नव्हतं. दुसरा उलटला, तोही रिकामा. आवाज चालूच.

आम्ही उतरायला लागलो. कोणी धावलं नाही, पण मागे वळूनही कोणी पाहिलं नाही. राही तेवढी वळली आणि हळूच म्हणाली, "बाई, झालं आता. ऱ्हावा हितंच."

आठवड्याने मी माझी वही सप्र्यांना नेऊन दाखवली. नोंदी तंतोतंत जुळल्या. नोंदी खऱ्या आहेत आणि त्या राहीच्या आहेत, असं त्यांनी बाईंच्या नोंदींची पुस्तिका काढणाऱ्या समितीला लिहून दिलं. त्यावरून नवा वाद पेटला. राहीचं नाव घातलं तर बाईंना कमीपणा येईल, असं बाईंना मानणारे म्हणू लागले. ते नाव बाईंनीच वहीत का लिहिलं नाही, असं बाकीचे विचारू लागले. मी राहीला विचारलं.

"उठल्या असत्या तर लिवलं असतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आनि नसतं लिवलं तर मी भांडले असते."

१९८६ साली पुस्तिका छापून आली. बाईंच्या नावाखाली ओळ होती: शेवटच्या अठ्ठावीस नोंदी, राही धोंडू गोताड. राहीने ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. रंगाबद्दल त्यात अक्षर नव्हतं, आणि सप्रे तो विषय काढू देत नसत.

सड्यावर ती पुन्हा गेली नाही. लाकडं आणायलासुद्धा खाडीच्या बाजूने लांबून जायची.