परदेशी राजांचं सुतक

जगाच्या पाठीवर कुठल्याही राजाने डोळे मिटले, तरी त्याचं सुतक लाखनीजवळच्या एका खेड्यात हमखास पाळलं जाई. पाळणारे एकटेच, माझ्या बायकोचे मामा. तसे ते धानाची शेती करणारे. पण दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत गावचं नाटक उभं राहिलं, की राजा तेच. माझ्या लग्नाआधीपासून तो मुकुट दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर चढला नव्हता.

राजा गेल्याचं रेडिओने सांगितलं, की मामाजी सायकल मारत लाखनीच्या स्टँडवर येत, मिळतील ती वर्तमानपत्रं घेत आणि परतताना गावातल्या माझ्या घरी पसरून बसत. काळी चौकट जाड आहे ना, फोटो पदकांसकट आहे ना, मथळा पानभर आहे ना, सगळं तपासत. एका पत्राने एकदा बिचाऱ्या राजाला पानाच्या तळाशी, साखरेच्या भावाखाली ढकललं, तेव्हा मामाजींनी बिनसाखरेचा चहा घेतला. सुतकात ते डोक्याला तेल लावत नसत, बैल जुंपत नसत. मामी करवादत, "कोन लागत होता तो तुमचा? धान कापाले येनार होता काय?"

"आमच्या धंद्यातला होता," मामाजी म्हणत.

हा सगळा अभ्यास नाटकात उतरे. 'प्रकृती चिंताजनक'पासून 'प्राणज्योत मालवली'पर्यंत ते सावकाश मरत. एकदा तर मेल्यावर डोळे उघडून प्रधानाला म्हणाले, "जोरानं रड ना बे, राजा मेला हाये!"

पुढे त्यांचा आवाज बसू लागला. गावच्या नाटकमंडळाने राजाचं काम मला देऊ केलं. मी थोडे आढेवेढे तरी घ्यायला हवे होते. मी लगेच हो म्हणालो. मामाजींना सांगायचं कामही माझ्यावरच आलं. त्याच आठवड्यात कुठलासा राजा गेला आणि मामाजी वर्तमानपत्रं घेऊन हजर. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी पहिल्या पानाच्या कोपऱ्यातल्या लहानशा फोटोवर बोट ठेवलं.

"हा नवा राजा. दरवेळी इथंच रायते, बापाच्या बाजूले. मले पयले राग यायचा. अजून तिरडी नाही उठली, अन् याचा फोटो कायले?" त्यांनी चष्मा पुसला. "पन जवाईबापू, नाही छापला तर लोकाईले वाटन, गादी रिकामीच पडली."

"मामाजी, तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमचं तोंडच सांगून राहिलं ना! मुकुट ढिला होईन तुमाले. आतून फडकं लावा."

नाटकाला ते सतरंजीवर अगदी पुढे बसले. शेवटच्या प्रवेशात मी घाबरलो आणि निम्मं भाषण गिळून मरून पडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर मामाजींचे ओठ अजून हलत होते. राजाचं बोलणं तिथे बरंच बाकी होतं. पडदा ओढणाऱ्याने जरा थांबावं, असं मला फार वाटलं. पण मेलेल्या माणसाला ते सांगता येईना.