पाहुण्यांचे ठोकळे

जुलैतला दुसरा सोमवार, सकाळी दहा. लालबागच्या चाळीतली तळमजल्यावरची बालवाडी. हजर: मुलांच्या वाढीचा अभ्यास करायला परदेशातून आलेल्या मॅडम, बालवाडीच्या बाई, अकरा मुलं, त्यांना सोडायला येऊन दारातच थांबलेल्या आया-आज्या, आणि दुभाषी म्हणून मी. गैरहजर: कोणी नाही. मी आखलेल्या कार्यक्रमाला कोणी गैरहजर नसतं.

अभ्यास साधा होता. मुलासमोर रंगीत ठोकळे ठेवायचे, कोणी काही बोलायचं नाही, आणि मूल काय करतं ते बघून कागदावर खुणा करायच्या. त्या खुणा समुद्रापार जाणार, त्यांचा अहवाल होणार, आणि तो वाचून मदत देणारी मंडळी ठरवणार की ही बालवाडी पुढच्या जूनपासून चालू ठेवायची की बंद करायची. लालबागची मुलं वाढताना लालबागला रोज दिसतात, पण त्याला पुरावा म्हणत नाहीत.

पहिली मुलगी बसली. चार वर्षांची, हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेल्या कापडाचा नवा फ्रॉक, तेल लावून चप्प बसवलेले केस. तिनं ठोकळ्यांकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मॅडमनी खूण केली. दुसरा मुलगा, हात पाठीमागे. तिसरी, चौथा, तेच.

"ताई, ती पहिली कार्टी घरी डब्यांचे मजले रचते हो," बाई माझ्या कानाशी लागल्या. "काल माझ्या चपला रचून वर बसली होती. सांगा ना त्यांना!"

मी सांगितलं. मॅडम गोड हसल्या. मोठ्यांचं सांगणं धरत नाहीत म्हणाल्या, मुलानं समोर केलं तेवढंच धरतात.

पाचव्याचा हात जरा पुढे सरकला. तोच दारातून त्याची आजी ओरडली, "अरे मेल्या, हात लावू नको! पावण्यांचा आसा ता!"

आजी काय म्हणाल्या, मॅडमनी विचारलं.

"प्रोत्साहन देताहेत," मी म्हणाले.

कारण आदल्या शुक्रवारी घरोघरी यादी मीच वाटली होती. एक, आंघोळ. दोन, स्वच्छ कपडे. तीन, नाश्ता. चार, पाहुण्यांच्या वस्तूंना हात लावू नये असं मुलांना बजावणे. मागे एका पाहुण्यांचा कॅमेरा पडला, तेव्हापासून चौथा मुद्दा कायम आहे. इतक्या वर्षांत आयांनी माझी यादी पहिल्यांदाच पूर्ण पाळली.

अकरावं मूल झालं, मॅडम कागद मिटून चहाला गेल्या, आया घरी गेल्या. "आता खेळा रे," बाई म्हणाल्या. दहा मिनिटांत ठोकळ्यांची चाळ उभी राहिली, गॅलरीसकट. टोकाला संडास, त्यापुढे रांग. खुणा करायला कोणी नव्हतं.

अहवाल आला, गुळगुळीत कागदावर. इथल्या मुलांत कुतूहल कमी आढळतं. सबब बालवाडीऐवजी आयांना मुलांशी खेळायचं कसं ते शिकवणारे वर्ग काढावेत. वर्गाचं वेळापत्रकही जोडलंय. निर्णयाची बैठक या महिनाअखेरीला आहे.

चौथा मुद्दा माझा होता, आणि 'प्रोत्साहन'ही माझंच, हे मॅडमना लिहून कळवायचं आहे. "ताई, पाठवलंत?" बाई रोज दार उघडताना विचारतात.

आजच्या यादीत ते पत्र पहिलं आहे. गेल्या तीन आठवड्यांच्या याद्यांतही पहिलंच होतं. त्याखालच्या सगळ्या कामांवर खुणा झाल्या आहेत.