खडखड नव्हे, खुळखुळ

आमच्या गाडीला आवाज येऊ लागला तो मला ऐकू आला, ह्यांना नाही. ह्यांना कमी ऐकू येतं, हे आमच्या घरात फक्त मी तोंडावर बोलते. देवासच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला, कान तिथेच राहिले. नोकरी संपल्यावर आम्ही धारला, माझ्या माहेरच्या गावी राहायला आलो. मुलगा देवासलाच आहे. रविवारी हे गाडी काढतात, मी शेजारी बसते. मागून कोणी हॉर्न दिला की ह्यांच्या गुडघ्यावर चापट मारते. असं आमचं चालतं.

आवाज यायचा तो गाडी उभी आणि इंजिन चालू असलं की. सकाळी जास्त. जरा पाय दाबला की गायब, एसी लावला तरी गायब.

"अहो, पुढे काहीतरी खुळखुळतंय," मी म्हटलं.

"काही नाही," हे म्हणाले. ह्यांना जे ऐकू येत नाही ते नसतंच.

तरी नालछ्याच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलं आणि आवाज बंद. पाहुण्यांसमोर पोर कसं शहाणं होतं, तसं. मिस्त्रीने बराच वेळ कान दिला, मग विचारलं, "कैसी आवाज़ आती है, बाबूजी?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"खुळखुळ," मी सांगितलं.

"खुलखुल? ये क्या होता है, काकीजी?"

"अरे भिया, खड़खड़ है, खड़खड़," हे मध्येच म्हणाले, जसं काही स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मिस्त्री गंभीर झाला. "अंदर से खड़खड़ आ रही है तो इंजन खोलना पड़ेगा. गाड़ी छोड़नी पड़ेगी."

"खडखड नाही हो," मी म्हटलं, पण तोवर दोघेही बॉनेटमध्ये वाकले होते. ह्यांनी "सोचकर बताते हैं" म्हणून गाडी परत आणली.

संध्याकाळी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, जुनी गाडी आहे. इंजिन उघडत बसण्यापेक्षा विकून टाका. बाबांनी आता चालवायची कशाला? मी येत जाईन ना धारला."

"काय म्हणतो?" ह्यांनी विचारलं.

"विका म्हणतो."

खोटं सांगून काय करायचं होतं? हे उठून अंगणात गेले आणि बंद गाडीत जाऊन बसले. किल्लीही लावली नाही, नुसता स्टिअरिंगवर हात. माणूस कान गेल्यावर एवढा म्हातारा झाला नव्हता, जेवढा त्या घटकेला दिसला. मी चहा तिथेच नेऊन दिला आणि शेजारच्या सीटवर बसले. चहा तसाच गार झाला.

अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात तेच. खडखड असते जड वस्तूची. बैलगाडी खडखडते. खुळखुळ हलक्या, सुटलेल्या पत्र्याची. मुलगा लहान असताना त्याचा एक पत्र्याचा खुळखुळा होता, तो आवाज मी विसरेन कशी? हिंदीत ह्यांनी हात लागेल तो शब्द देऊन टाकला आणि चांगलं इंजिन उघडायची पाळी आणली.

सकाळी ह्यांना म्हटलं, "थंड आहे तोवर गाडी सुरू करा. बॉनेट उघडा."

हे कारखान्यात लांब पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ऐकत. तसंच आताही केलं. चेहरा कोराच. मी पेचकस हातातून घेतला.

"आधी पदर खोच," हे ओरडले. "पट्ट्यात गेला तर तूच जाशील आत."

पदर खोचला. ह्यांनी बोट दाखवायचं आणि मी तिथे टोक टेकवून ऐकायचं. वर टकटक, शिवणाच्या मशीनसारखी. "ती असतेच," हे म्हणाले. खाली घरघर. तीही असतेच. मग धूर जाण्याच्या नळीवर उष्णता अडवायला एक पातळ पत्रा असतो, त्याच्याजवळ मी गेले तर पेचकसाची गरजच नाही. खुळखुळ, खुळखुळ.

"हा," मी म्हटलं.

ह्यांनी आत जाऊन माझं लाटणं आणलं. मी काही बोलायच्या आत पत्र्यावर दाबलं. आवाज थांबला. मी हात वर केला. उचललं, पुन्हा सुरू. मी हात खाली केला. ह्यांनी दाबलं, उचललं, दाबलं. गाडीकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. आम्हा दोघांचं मिळून एकच माणूस झालं होतं, आणि ते माणूस पुरेसं होतं.

"पुरे," मी म्हटलं. "लाटणं जळेल."

मिस्त्रीने पत्रा पाहिला. एका बोल्टभोवतीचं भोक गंजून मोठं झालं होतं. त्याने रुंद वॉशर घालून बोल्ट कसला आणि ह्यांना म्हणाला, "बाबूजी, ये तो खड़खड़ नहीं थी. टीन बज रहा था."

"बोला था ना, खुळखुळ," मी म्हटलं.

"खुलखुल," तो म्हणाला. ळ काही त्याला जमला नाही.

रविवारी देवासला गेलो. वाटेत गाडी थांबली की ह्यांचा एकच प्रश्न, "वाजतंय का?"

"तुमचं तोंड वाजतंय. बाकी काही नाही."

मुलाकडे रात्र काढली आणि सकाळी ह्यांना त्याच्या दारातच थंड इंजिन सुरू करायला सांगितलं मी. त्याने बॉनेटवर वाकून ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग खिडकीशी येऊन मोठ्याने म्हणाला, "चालवा, बाबा. पण आई शेजारी असेल तरच."

"ती कुठे चालली?" हे म्हणाले, आणि इंजिन बंद केलं.