प्रेमराज सरांनी मारलेले आजोबा

धुळ्यात प्रेमराज सरांना ओळखत नाही असा माणूस नाही, असं प्रेमराज सर स्वतःच सांगत. परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा तर मी कोण, मला विज्ञानात पुढे का शिकायचंय, याचं स्टेटमेंट ज्याचं त्याने लिहायचं असतं. सर ते फी घेऊन लिहून देत. स्वतः नाशिकच्या पलीकडे गेलेले नव्हते आणि पीएच.डी. गाईडशी भांडून अर्धवट सोडलेली. उंटावरून शेळ्या हाकायला तेवढं शिक्षण पुरतं.

मेघाच्या तर हा माणूस पहिल्या भेटीतच डोक्यात गेला. नरडाण्याजवळच्या खेड्यातली पोर, कीटकशास्त्रात एम.एस्सी., हंगामभर कपाशीची बोंडं फोडून गुलाबी अळीचा अभ्यास केलेली. हॉलंडच्या एका विद्यापीठात याच अळीवर काम करायला एकच जागा होती. ती हुकली की घरचे स्थळं बघणार, हे ठरलेलं. तिने लिहून नेलेली पानं सरांनी चष्म्यावरून पाहिली आणि बाजूला सारली.

"अळी, अळी आणि अळी! अगं, गोऱ्या लोकांना रडवावं लागतं. घरात कोण वारलंय?"

"कोणी नाही, सर."

"कोणीच नाही?" सरांचा चेहरा पडला. "आजोबा?"

"आहेत. आबा रोज शेतात जातात."

"जाऊ देत. तिथून कोण येतंय बघायला?"

आणि सरांनी आबांना मारलं. फवारणीची विषबाधा, नातीच्या मांडीवर शेवटचा श्वास, चितेसमोर घेतलेली संशोधनाची शपथ. मेघाला किळस आली. असल्या शपथा धुळ्यातल्या किती पोरांनी घेतल्या असतील, देव जाणे! पण सरांकडून लिहून घेतलेली पोरं परदेशी गेली होती आणि तिच्या ओळखीचं कोणी गेलं नव्हतं. तिने मुकाट्याने तेच पाठवलं.

व्हिडिओवर मुलाखत ठरली. आता घरच्या पोरीला कोणी विचारायला यावं आणि वडीलधारं माणूस बैठकीला नसावं, हे गावात कसं चालेल? हॉलंडचा साहेब झाला म्हणून काय झालं! एकटी बसते म्हणून मेघाने सगळ्यांच्या हातापाया पडून पाहिलं, पण खरं कारण सांगायची सोय नव्हती. आबा धुतलेली टोपी घालून तिच्या शेजारी बसले. मागे जगदीशकाका उभे.

पडद्यावरच्या प्राध्यापक बाई मायेने इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या आजोबांचं वाचून फार वाईट वाटलं." मग शेजारी पाहून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

जगदीशकाकांना एवढं इंग्रजी येत होतं. "ग्रँडफादर, मॅडम! हर ग्रँडफादर!"

आबांनी हात जोडले. "राम राम, बाई."

बाई गोंधळल्या. "म्हणजे आईकडचे?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण आबा कौतुकाने तिच्याकडेच बघत होते.

"नाही," मेघा म्हणाली. "तेच."

पुढे ती अळीबद्दल जीव तोडून बोलली. बाईंनी सभ्यपणे ऐकलं, आभार मानले आणि कॉल बंद केला. आठवड्यात नकार आला.

"म्हाताऱ्याला गोठ्यात बसवायला काय धाड भरली होती?" सर फोनवर तिच्यावरच डाफरले.

"तुम्हाला अळी म्हणायलाही जीभ रेटत नाही, सर," मेघा म्हणाली. "ती निदान भुकेपोटी खाते." बोलून बरं वाटलं, पण क्षणभरच. सही तर तिचीच होती. सरांनी पैशासाठी परक्याचा आजोबा मारला होता, तिने स्वतःचा. थू तिच्या शिक्षणावर!

नकार कशामुळे, हे आबांनी विचारलं तेव्हा तिने रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता चार शिव्या हासडतील. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी खरंच मरी जातू," त्यांनी अहिराणीत विचारलं, "ते तुनं काम व्हई जातं का वं?"

मेघाच्या तोंडून 'नाही' लवकर फुटेना.