ठाऊक न्हाई म्हणायचं राहून गेलं

वराळ्याचा कोंडाजी देव मानत नाही, हे आसपासच्या पाच-दहा गावांत ठाऊक होतं. पण तो काही जन्माचा नास्तिक नव्हता. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत तोही चारचौघांसारखा खंडोबाचा भंडारा कपाळाला लावूनच घराबाहेर पडायचा, आणि तळेगाव स्टेशनवरून गाडी धरून लोणावळ्याच्या रेल्वेशेडात फिटरच्या कामाला जायचा.

चौपन्न साली त्याची सहा वर्षांची मुलगी शालन घशाच्या दुखण्यानं पडली. श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. बायको बयाबाई म्हणाली, तळेगावला डॉक्टरकडं नेऊ. कोंडाजी म्हणाला, आधी देवऋष्याला विचारू. देवऋष्यानं बाहेरची बाधा सांगितली, अंगारा दिला, दोन दिवस पोरीला उंबऱ्याबाहेर काढू नका म्हणाला. कोंडाजीनं ते अक्षरशः पाळलं. तिसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून नेली, तर तळेगावच्या अलीकडंच तिच्या श्वासाचा आवाज बंद पडला. घटसर्प होता, एवढंच डॉक्टर बोलला.

पुढचं वर्षभर कोंडाजी कुणाशी धड बोलला नाही. पाळी सुटल्यावर गाडीला वेळ असला की लोणावळ्याच्या वाचनालयात जाऊन बसायचा. तिथं बाजीराव मास्तर भेटले. शाळेतले शिक्षक, मोजकं बोलणारे. कोंडाजीनं एक दिवस त्यांना सरळच विचारलं, देव आहे का. मास्तरांनी बराच वेळ घेऊन सांगितलं, की देव नाहीच असं ठामपणे म्हणतो तो नास्तिक. दुसरा एक असतो, तो म्हणतो, असेल किंवा नसेल, मला कळलेलं नाही आणि कळल्याचं सोंग मी करणार नाही. त्याला अज्ञेयवादी म्हणतात. आणि तिसरा स्वतंत्र विचाराचा. पोथीत आहे, बाप सांगतो, मास्तर सांगतो म्हणून तो काही मानत नाही. स्वतः तपासून बघतो, मग पोचेना का कुठंही.

यातलं कोंडाजीनं पहिलं तेवढं उचललं. बाकीचं त्याच्या डोक्यावरून गेलं.

त्या रविवारी त्यानं देव्हाऱ्यातले चांदीचे टाक पंच्यात बांधले आणि इंद्रायणीच्या डोहात सोडून आला. बयाबाई शेतावर होती. परत आल्यावर तिनं रिकामा देव्हारा पाहिला आणि चुलीपुढं जाऊन बसली. एवढंच म्हणाली, “मला इचारायचं तरी.” कोंडाजीनं त्यावर तासभर तिला समजावून सांगितलं. ती भाकऱ्या थापत ऐकत राहिली.

त्याच्या नास्तिकपणानं गावाचं वाईट झालं असं कुणी म्हणू नये. एकसष्ट साली डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या जानूला घोणस चावली. भगत मंत्र घालत बसला होता. कोंडाजीनं त्याला बाजूला सारून जानूला पाठीवर घेतलं, खाली आणलं आणि तळेगावच्या दवाखान्यात पोचवलं. जानू वाचला. पुढंही ताप असो, विंचू असो, कोंडाजी पोराबाळांना उचलून डॉक्टरकडं पळायचा. जानू दवाखान्यातून सुटल्यावर पाया पडायला आला आणि म्हणाला, “भाऊ, देवानंच तुला धाडला.” कोंडाजी त्याच्यावर असा उखडला, की अजून धड उभाही राहू न शकणारा तो माणूस हात जोडत परत फिरला.

एका बाबतीत आपण बरोबर ठरलो, म्हणजे सगळ्यातच बरोबर आहोत, असं त्याला वाटू लागलं होतं.

अडुसष्ट साली बयाबाईच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दुपारी ती अंगणात बाजेवर उन्हाला पडायची आणि कोंडाजी रजा काढून तिच्याजवळ बसायचा. एकदा तो तिला मोसंबं सोलून देत होता. ती त्याच्या हातांकडं बघत म्हणाली, “अवो, शालन भेटंल का वो मला?”

असले प्रश्न त्यानं पारावरच्या वादांत शेकडो वेळा ऐकले होते. उत्तर तोंडात तयार होतं.

“मेल्यावर काय नस्तं, बया. दिवा इजला की ज्योत कुटं जाती का?”

बयाबाईनं त्याच्या हातांवरची नजर काढली. मग “बरं,” म्हणाली आणि कुशीवर वळली. मोसंब्याच्या फोडी तशाच राहिल्या. त्यानंतर अकरा दिवस ती जगली. पाणी मागितलं, उशी सरकवायला सांगितलं, पण तो विषय पुन्हा काढला नाही.

महिन्यानं कोंडाजी मास्तरांकडं गेला. मास्तर आता निवृत्त होऊन वलवणला राहत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “माज्या जागी तुमी आसता तर काय बोलला आसता?”

“मला माहीत नाही, असं म्हणालो असतो.”

“पर न्हाई म्हनायला तुमीच शिकिवलं.”

“मी तसं कधीच म्हणालो नाही, कोंडाजीराव. तुम्हाला तेव्हा ‘नाही’ हवं होतं. ते मला दिसत होतं आणि मी गप्प बसलो. पोर गेलेल्या माणसाशी काय वाद घालायचा, असं वाटलं.” मग त्यांनी विचारलं, “आधी देवऋष्याच्या शब्दावर चाललात, मग माझ्या. मध्ये स्वतः कधी तपासलंत?”

कोंडाजी खाली बघत म्हणाला, “आन् बयाच्या शब्दावर कंदीच न्हाई. डॉक्टरकडं न्या, आसं तीच म्हनत हुती.”

तो देवाकडं परत गेला नाही. तसं करणं त्याला खोटं वाटलं असतं. पारावर पोरं वाद घालायला बोलवायची, तर म्हणायचा, “मला देव हाय आसं वाटत न्हाई. पर म्या कुटं सगळं बघितलंय?” पोरांना त्यात मजा वाटेना. हळूहळू ती बोलवायची थांबली.

पुढं नोकरी संपली. दुपारी अंगणात बसलं, की तो बयाबाईच्या प्रश्नाला मनात नवी नवी उत्तरं द्यायचा. “ठाऊक न्हाई” हे खरं होतं, पण तेही पुरं पडलं नसतं. तिला त्याच्याकडून देवाचा निकाल नको होता. शालनविषयी बोलायचं होतं. चौदा वर्षं दोघं एका घरात राहिली आणि पोरीचं नाव निघालं की तो देवऋष्यावर घसरायचा, म्हणून तिनं नाव घ्यायचंच सोडून दिलं होतं. आता त्याला देवऋष्याचा शब्द न् शब्द आठवे. शालन पावसाला काय म्हणायची, हसताना तिच्या कुठल्या गालावर खळी पडायची, हे मात्र कितीही डोकं चालवलं तरी आठवत नव्हतं, आणि ते सांगू शकणारं माणूस गेलं होतं.