पगारी बोलर

चाळीसगाव स्टेशनावर आबा मला सोडायला आले होते. शेतीपलीकडचं माझ्या वडिलांनी फारसं काही पाहिलेलं नव्हतं. रेल्वेच्या इंजिनीयर साहेबाच्या मॅचला समोरच्या संघात एक गडी कमी पडला, म्हणून मला उभं केलं आणि मी त्याच साहेबाच्या तिन्ही काठ्या उडवल्या, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. त्यावर मुंबईत नोकरी मिळते, हे त्यांना पटत नव्हतं. मायनं निघतानाच सांगितलं होतं, ‘जठे जाशी तठे जपीसन राहजो.’ गाडी सुटली. मला काही वाटलं नाही. पुढे वाटेल, असं समजून खिडकीत बसलो.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटायचं मी तिकडे मॅचेस गाजवतो. मी साहेबांच्या क्लबात नेटमध्ये बोलिंग करायचो. साहेब बॅटीच्या टोकानं खेळपट्टीवर अंथरलेल्या मॅटिंगवर ठक्‌ ठक्‌ करून जागा दाखवी, चेंडू तिथेच पडला पाहिजे. म्हणजे त्याच्या फटक्याचा सराव होई. त्याला बाद केलं तर तोंड वाकडं. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. माझ्यासारखे निघून जे गिरणीत, गोदीत लागले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काही वर्षांनी रजेवर आलो, तेव्हा धुळ्याच्या वकील मंडळींनी मला कलेक्टरच्या संघाविरुद्ध उतरवलं. पारोळ्याकडून आमचं गाव गाड्या जुंपून आलं. माझा पोरगा साहेबाला घरी धाडतो की नाही बघा, असं आबा वाटभर सांगत आले होते.

कलेक्टर उभा राहिला. मॅटिंगची सुरकुती बसवायला त्यानं बॅट दोनदा आपटली आणि माझा चेंडू नेमका तिथेच पडला. चौकार. त्यानं पुन्हा आपटली, चेंडू पुन्हा तिथेच. दुसरीकडे टाकायचा असं ठरवून मी धावायचो, पण हात ऐकायचा नाही. गाव आधी ओरडत होतं, मग एकेक जण उठून गाड्यांकडे गेला. खेळ संपल्यावर साहेबानं माझी पाठ थोपटली. असा बोलर आपण हिंदुस्थानात पाहिला नाही, म्हणाला.

गाडीजवळ आबांनी भाकरी-ठेचा पुढे केला. रागावले नाहीत. माझा उजवा हात हातात घेऊन बघत राहिले.

‘भाऊ, तुना हात आते त्यास्ना व्हई गया.’

मी मान हलवली आणि भाकरी खाल्ली.

आता खांदा गेला, साहेबही विलायतेला निघून गेले. क्लबानं मला नेट बांधायला ठेवलं आहे. खांदा धड होता तेव्हाच आबा गेल्याची तार आली; त्या सकाळीही मी ठरलेले चेंडू टाकले, मग रजा मागितली. तुम्ही विचारता, घरी कधी येतोस. मी कुणाला तरी बाद करावं असं ज्याला वाटत होतं, तो एक माणूस माझं घर होता. बाकी गावाला मी येऊन जाईन.