कोरडे फोन ओले कसे?

ता. १२ मार्च २०२४. रु. ४६,२००. एवढं मानधन मी मनस्वी कोळीच्या खात्यात भरलं, पण ते नक्की कशाचं, हे मला कळलं नव्हतं.

महाप्यातल्या आमच्या कंपनीत मी हिशेब पाहतो. मनस्वी कंत्राटावर. उरणच्या जानू कोळ्यांची मुलगी. आई मैना मासळी विकते. ही मात्र फोनच्या आतल्या भागांसाठी सी भाषेत बारके प्रोग्रॅम लिहिते. ते पडद्यावर दिसत नाहीत. ताजा प्रोग्रॅम चार्जिंगच्या छिद्रात पाणी आहे का बघायचा, आणि असलं तर चार्जिंग थांबवायचा.

“म्हणजे फोन चार्ज होऊ नये म्हणून तुला पगार?” मी विचारलं.

“काका, ओला असेल तरच!”

मी मान डोलावली.

फोन मच्छीमारांसाठी होते. उरणच्या मच्छीमार सोसायटीने ते दोन दिवस होड्यांवर वापरले आणि शनिवारी आम्हाला बंदरावर बोलावलं. पसंत पडले तर मनस्वी नोकरीत कायम, नाहीतर महिनाअखेर मोकळी. फोनांची नोंद माझ्याकडे, म्हणून मीही गेलो. भागीरथीबाईंच्या चहाच्या टपरीतून वीज घेतली. एकही फोन चार्ज होईना. फोन खडखडीत कोरडे, आणि प्रत्येक जण सांगतोय, मी ओला आहे!

सोसायटीचे अध्यक्ष धनेश ठाकूर उठायच्या बेतात होते. शेजारी जाळं विणणाऱ्या जानूभाऊंनी लेकीला विचारलं, “तपासलंस कंच्या पान्यान?”

“हापिसातल्या. फिल्टरच्या.”

“कोल्याची पोर ना तू? आमचा फोन काय फिल्टरमदी पडतो?”

मनस्वी कानापर्यंत लाल झाली. मग मला समजावू लागली. फिल्टरच्या पाण्यातून वीज जेमतेम जाते, म्हणून तिने प्रोग्रॅमला तेवढ्याशा विजेवरूनही पाणी ओळखायला लावलं होतं. इथे छिद्रात बसलेल्या मिठाच्या नुसत्या थरातून, हवेतल्या ओलीने, त्याहून जास्त वीज जाते. तिने दोनदा सांगितलं. वाळलेलं मीठ फिल्टरच्या पाण्यापेक्षा ओलं कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

मासळीच्या क्रेटवर बसून तिने लॅपटॉपवर, किती विजेला पाणी म्हणायचं, तो एक आकडा बदलला. फक्त एक. तो फोनांमध्ये भरला, आणि फोन चार्ज होऊ लागले. ठाकुरांनी एक फोन समुद्रात बुचकळून पुन्हा जोडला. चार्जिंग बंद.

“पोर हुशार हाय, जानू,” ते म्हणाले. “फकस्त घरचा पानी इसरली.”

मनस्वी एप्रिलपासून कायम झाली. झालेल्या कामाच्या रकान्यात मी ‘आकडा, नग १’ असं लिहिलं. ते बरोबर की चूक, सांगता येत नाही.

भागीरथीबाईंचे विजेचे चाळीस रुपये देणे बाकी आहे.